रोमानियाचे दोन घाट आणि घाटाखालची गावं: दुचाकीवरून अकरा दिवस

दगडवाट

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही दोघं व्हिएन्नाहून दुचाकीवर रोमानियाला जाऊन आलो. अकरा दिवस, साधारण २,४०० किलोमीटर. गाडी होंडा सीबी ५०० एक्स, दोन बाजूंना दोन पेट्या, मागे बायको. मी मूळचा वाईचा, गाडी शिकलो पसरणी घाटात, त्यामुळे घाट म्हटलं की हात शिवशिवतात. पण हा धागा नुसत्या वळणांसाठी काढलेला नाही. व्हिडिओ बघून रोमानिया म्हणजे ट्रान्सफागाराशान हा घाट एवढंच डोक्यात बसतं. लोक सकाळी एक घाट चढतात, दुपारी दुसरा उतरतात आणि रात्री हायवेला लागतात. मला मनापासून वाटतं, घाट उतरून रस्ता ज्या गावात जातो तिथे मुक्काम केला नाही तर तो घाट कुणी, कशासाठी तुडवला हे कळतच नाही.

पहिला दिवस व्हिएन्ना-बुडापेस्ट-आराद. पाचशेवर किलोमीटर सपाट मोटरवे, सांगण्यासारखं काही नाही. एक सोय मात्र झाली आहे. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया जमिनीवरच्या सीमेलाही शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, आला. नादलाकच्या नाक्यावर आम्ही वेग कमी केला आणि तसेच पुढे गेलो. दुचाकीला रोमानियात विन्येत, म्हणजे रस्ताकराचा पास, लागत नाही. ऑस्ट्रिया आणि हंगेरीत लागतो, तो आधी काढून ठेवा.

दुसऱ्या दिवशी हुनेदोआराचा किल्ला बाहेरून बघून आल्बा यूलियाला मुक्काम. १७१५ ते १७३८ या काळात हाब्सबुर्ग राजवटीने बांधलेला चांदणीच्या आकाराचा कोट आहे. १ डिसेंबर १९१८ ला ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियात सामील झाल्याची घोषणा याच गावात झाली, तोच आता त्यांचा राष्ट्रीय दिन. संध्याकाळी तटावरून एक चक्कर मारली आणि लवकर झोपलो, कारण सकाळी ट्रान्सअल्पिना, म्हणजे पहिला घाट, होता.

सेबेशला टाकी फुल केली. तुम्हीही करा, वरती पेट्रोलचा भरवसा नाही. शुगागपर्यंत रस्ता नदीच्या कडेने जातो, मग ओआशाचं धरण, मग सूचिपर्णी झाडांचं दाट रान. ओबर्शिया लोत्रुलुईच्या फाट्यावर चहा घेतला आणि तिथून खरी चढण लागली. झाडं संपली की एकदम उघडं माळरान. रस्ता डोंगराच्या कुशीतून न जाता थेट धारेवरून जातो, दोन्हीकडे दरी. उर्देले खिंड २,१४५ मीटरवर आहे, रोमानियातला सर्वांत उंच गाडीरस्ता. मुळात ही मेंढपाळांची वाट. १९३० च्या दशकात राजा दुसरा कारोल याच्या काळात ती रुंद केली म्हणून तिला राजाचा रस्ताही म्हणतात. डांबर मात्र २००९ नंतरच पडलं.

खिंडीच्या अलीकडे धुकं आलं. आपल्याकडे पावसाळ्यात येतं तसंच, पांढरं आणि ओलं, पण हाडं गोठवणारं. पंधरा-वीस फुटांपुढे काही दिसेना. दुसऱ्या गिअरवर, दिवे लावून, कडेची पांढरी रेघ धरून जात होतो. अचानक घंटांचा आवाज यायला लागला. थांबलो. धुक्यातून मेंढ्या बाहेर आल्या, दोनशे तरी असतील, गाडीच्या दोन्ही बाजूंनी अंगाला घासून गेल्या. मागे चार मोठे कुत्रे. एक कुत्रा माझ्या बुटाशी येऊन उभा राहिला. त्याच्या गळ्यात साखळीला आडवी काठी टांगलेली होती. बायको म्हणाली, "अरे, हे तर लोढणं!" आपण ओढाळ गुराच्या गळ्यात बांधतो तेच. कुत्र्याने शिकारीच्या मागे धावू नये म्हणून तिकडे ते बांधतात, त्याला झुझेऊ म्हणतात. मेंढपाळ शेवटी आला, खांद्यावर मेंढीच्या कातड्याचा झगा. त्याने हात वर करून "द्रुम बुन" म्हटलं आणि दिसेनासा झाला. द्रुम बुन म्हणजे वाट चांगली असो. पुढचे आठ दिवस प्रत्येकाने आम्हाला निरोप देताना हेच म्हटलं. ऋतूप्रमाणे कळप हलवण्याच्या या रीतीला २०२३ साली रोमानियासह दहा देशांची मिळून युनेस्कोच्या अमूर्त वारशात नोंद मिळाली आहे.

नोवाचला उतरून संध्याकाळी होरेझू. कुंभारांचं गाव. एका अंगणात बाई ओल्या ताटलीवर नक्षी काढत होत्या. हातात पोकळ बैलाचं शिंग, आत पातळ रंग, टोकाला बारीक नळी. चाक फिरतं, शिंगातून रंगाची धार पडते, मग तार लावलेल्या काडीने ती धार ओढायची की कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी होते. आम्ही अर्धा तास बघत उभे होतो, त्यांनी मान वर केली नाही. माती खणणं आणि मळणं पुरुषांकडे, नक्षी बायकांकडे, अशी तिथली वाटणी. मधोमध कोंबडा असलेली एक ताटली घेतली, दोन टॉवेलांत गुंडाळून आणली, शाबूत पोचली.

चौथ्या दिवशी कुर्तेया दे आर्जेशहून ट्रान्सफागाराशान. हा रस्ता राजाचा नाही, कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूचा. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले, तेव्हा आपल्यावर पाळी आली तर फौज डोंगरापलीकडे नेता यावी म्हणून त्याने १९७० ला काम सुरू केलं. २० सप्टेंबर १९७४ ला रस्ता उघडला. राबले ते बहुतेक सैन्यातले कोवळे जवान. अधिकृत आकडा ४० मृत्यूंचा आहे, पण खरे बळी त्याहून पुष्कळ जास्त असं तिथले लोक सांगतात. दक्षिणेकडून गेलात तर आधी पोएनारीचा किल्ला डोक्यावर दिसतो. ड्रॅक्युला ज्याच्या नावावरून आला त्या व्लाद त्सेपेश राजाने वापरलेला खरा किल्ला हा, १,४८० पायऱ्या. आम्ही खालूनच पाहिला. मग विद्रारूचं धरण, १६६ मीटर उंच कमानी भिंत. त्यावर गाडी उभी करून खाली बघितलं तर पोटात गोळा येतो. मग रान, मग बोगदा. बोगदा जवळजवळ ९०० मीटरचा, आत गारठा आणि वरून टपटप पाणी, आणि पलीकडे निघालात की बुलेआ सरोवर, २,०३४ मीटर.

तिथून उत्तरेला खाली बघताना मी खरंच काही बोललो नाही. एकावर एक टाकलेली वळणं, दोरखंडाची चुंभळ उलगडावी तशी. उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवा, ब्रेक तापतात. मागे माणूस आणि सामान असेल तर फारच.

खाली कार्त्सिशोआरा ओलांडल्यावर मागचं चाक डगमगायला लागलं. खिळा. प्लगचा संच होता, पण छेद तिरका होता, हवा राहीना. तेवढ्यात पुढे पाटी दिसली: "वुल्कानिझारे". तिकडे पंक्चरच्या दुकानाला हेच म्हणतात! आमच्या वाईच्या नाक्यावर "टायर व्हल्कनायझिंग" अशी रंगवलेली पाटी होती, तिची आठवण येऊन मला भरून आलं. साठीच्या माणसाने चाक काढलं, आतून ठिगळ लावलं, पाण्याच्या टबात फिरवून बुडबुडे तपासले, थेट आपल्यासारखं. पैसे किरकोळ घेतले, वर अंगणातली आलुबुखारं पिशवीभर दिली. द्रुम बुन.

रात्री सिबिउ. आता हात दुखायला लागला. सिबिउ, ब्रातेयू, सिगिशोआरा खाली प्रतिसादात लिहितो. ब्रातेयूबद्दल तर लिहायलाच हवं.

जास्वंद

लोढण्याचा प्रसंग डोळ्यांसमोर आला. पुढचं लवकर लिहा. आम्ही दोघंही शाकाहारी आहोत आणि पूर्व युरोपात दर वेळी पाव-चीजवर दिवस काढलेत. तिकडे काय खाल्लंत?

गिअरबदल

मस्त वर्णन. पण एका मुद्द्यावर असहमत. मी बुखारेस्टला गाडी भाड्याने घेऊन तीन दिवसांत दोन्ही घाट केले, आणि तो माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम प्रवास होता. प्रत्येकाकडे अकरा दिवस नसतात. नोकरीतून शुक्रवार-सोमवार जोडून सुट्टी मिळते. रस्ता चालवण्यात जो आनंद आहे तोही खराच आहे ना? गावं म्हातारपणी बसने बघता येतात, हेअरपिनवर गाडी वाकवण्याचं वय एकदाच येतं.

आणि दक्षिणेपेक्षा उत्तरेकडून चढा. चढताना वळणं अंगावर येतात, त्याची मजा उतरताना नाही.

बुखारेस्टकर

इथे चार वर्षं राहतोय, म्हणून थोडी भर घालतो.

१ जुलैच्या आधी येऊन घाट नक्की उघडे मिळतील अशी आशा धरू नका. त्यांचा वरचा भाग बहुधा जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला उघडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बर्फ पडला की बंद होतो. उघडा असतानाही ट्रान्सफागाराशानचा माथ्याकडचा टप्पा रात्री ९ ते सकाळी ७ बंद असतो. शनिवार-रविवारी बुलेआला गाड्यांच्या रांगा लागतात आणि दुचाकीलाही उभं राहायला जागा मिळत नाही. मंगळवार-बुधवार धरा, पहाटे निघा.

गावात ५०, गावाबाहेर ९०. दारू पिऊन चालवण्याला इथे शून्य सवलत आहे, एक बिअरसुद्धा नाही. यजमान आग्रहाने त्सुइका देतात, आलुबुखारांची दारू. "कोंदुक", म्हणजे गाडी चालवायची आहे, एवढं म्हटलं की कुणी वाईट वाटून घेत नाही.

आता अस्वलं. दगडवाट यांनी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. रशिया सोडला तर युरोपात सर्वांत जास्त तपकिरी अस्वलं रोमानियात आहेत. विद्रारूच्या रानात ती रस्त्याच्या कठड्याशी येऊन बसतात, कारण लोकांनी बिस्किटं घालून त्यांना सवय लावली आहे. २०२५ च्या जुलैमध्ये याच रस्त्यावर एका इटालियन दुचाकीस्वाराचा अस्वलाच्या हल्ल्यात जीव गेला. कृपा करून थांबू नका. फोटोसाठी नाही, पाच सेकंदांसाठीही नाही. गाडीत बसलेल्या माणसाला काच तरी असते, आपल्याला काही नसतं. खायला घालायला बंदी आहे, दंड होतो. फोनवर मोठा भोंगा वाजून संदेश आला तर तो अस्वल दिसल्याचा सरकारी इशारा असतो. त्या बाजूला थांबायचंच नाही. मदतीला ११२.

दगडवाट

@बुखारेस्टकर, मनापासून आभार. अस्वलाचं राहून गेलं ही माझी चूक. आम्हाला दोन दिसली, एक आई आणि पिल्लू. समोरच्या कारवाल्याने काच खाली करून केळं फेकलं, ते बघून अंगावर काटा आला. आम्ही रस्त्याच्या डाव्या कडेने जागा ठेवून, गिअर न बदलता पुढे निघून गेलो. त्या पिल्लाला शिकवलं जातंय की माणूस म्हणजे केळं. त्याचं पुढे काय होणार ते आपल्याला माहीत आहे. वस्तीला धोका झालं की गोळी घालतात.

@जास्वंद ताई, एक शब्द लक्षात ठेवा: "दे पोस्त". पोस्त म्हणजे तिकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास. वर्षात कितीतरी दिवस ते मांस, दूध, अंडी सगळं वर्ज्य करतात, त्यामुळे अगदी ढाब्यावरही दे पोस्त पदार्थ असतात. घेवड्याची चोर्बा, म्हणजे आंबट सूप, भात भरलेले कोबीचे गुंडाळे, भाजलेल्या वांगी-मिरचीचं झाकुस्का. आणि मामालिगा! मक्याच्या पिठाची उकड. वर खारट चीज आणि आंबट साय. धुक्यातून भिजून आल्यावर ट्रान्सअल्पिनावरच्या रिंका या वस्तीतल्या एका छोट्या खानावळीत ती समोर आली, वाफ निघत होती, आणि बायको म्हणाली, आईच्या हातची उकड फक्त तांदळाची असते, एवढाच फरक. चोर्बा सांगताना "फारा कार्ने", मांसाशिवाय, हे मात्र आवर्जून सांगा. आणि शेवटी पापानाश खा, चीजचे तळलेले वडे, वर साय आणि ब्लूबेरीसारख्या फळांचा मुरंबा.

@गिअरबदल, वळणाचा आनंद मला कळतो, तो नसता तर मी रेल्वेने गेलो असतो. सुट्टीचंही खरं आहे. पण माझा मुद्दा दिवसांचा नाही. तीनच दिवस असतील तर एकच घाट घ्या आणि त्याच्या पायथ्याच्या गावात दोन रात्री राहा. ट्रान्सफागाराशानला सिबिउ, ट्रान्सअल्पिनाला होरेझू किंवा आल्बा यूलिया. मी ज्या दिवशी ट्रान्सअल्पिना केला त्या दिवशी धुक्यात दोन तास गेले. दुपारी दुसरा घाट गाठायचाच असता तर मी त्या धुक्यात घाई केली असती. मागे बायको बसली होती. उत्तरेकडून चढण्याबद्दल मात्र तुमचं पटलं, पुढच्या वेळी तसंच करीन.

वामनकाका

कुर्तेया दे आर्जेश म्हणालात आणि तिथल्या मठाबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत! तो मठ नेआगोए बासाराब या राजाने १५१२ ते १५१७ च्या सुमारास बांधवला. त्याची कथा रोमानियात पोरापोराला पाठ असते. मेस्तेरुल मानोले नावाचा गवंडी. दिवसा भिंत बांधावी आणि रात्री ती ढासळावी. स्वप्नात दृष्टान्त झाला की उद्या सकाळी ज्या कामगाराची बायको किंवा बहीण भाकरी घेऊन आधी येईल तिला भिंतीत चिणा. मानोलेला दुरून आपलीच आना येताना दिसली. त्याने देवाकडे पाऊस मागितला, वादळ मागितलं, ती परत फिरावी म्हणून. ती नदी-नाले ओलांडून आलीच. खेळ आहे असं सांगून तिच्याभोवती वीट चढवली. घोट्यापर्यंत, कमरेपर्यंत, मग ती हसायची थांबली.

मी ही कथा पहिल्यांदा ऐकली तेव्हा पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची आठवण झाली. तोही सारखा ढासळत होता आणि पायात नवराबायकोचं जोडपं पुरलं असं सांगतात. मी तरुणपणी त्या बुरुजापाशी कित्येकदा बसलो आहे. इतक्या लांबच्या दोन मुलखांतल्या माणसांनी दगडाला एकच भीती लावली, याचं मला अजून नवल वाटतं. तुम्ही आत गेला होतात का?

दगडवाट

काका, गेलो होतो. बाहेरचे दोन छोटे मनोरे पिळलेले आहेत, त्यांच्या खिडक्या तिरक्या, त्यामुळे मनोरे कोसळतायत असा भास होतो. आत दक्षिणेच्या भिंतीपाशी आनाची जागा दाखवतात. एक आजी तिथे भिंतीला तळहात लावून उभ्या होत्या. मी कथा वाचली होती, पण तुम्ही सांगितलीत तशी नव्हती वाचली. पुरंदरचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आता जाईन तेव्हा बसेन तिथे.

आता राहिलेलं लिहितो.

सिबिउ हे सॅक्सन लोकांचं गाव, जर्मन नाव हेर्मानश्टाट. बाराव्या शतकात हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने सीमेच्या रक्षणासाठी जर्मन भाषिक लोकांना इथे आणून वसवलं. त्यांनी कोट बांधले, बाजार बसवले आणि डोंगरापलीकडे व्यापार केला. तेव्हा घाट कुणी तुडवला या प्रश्नाचं अर्धं उत्तर मेंढपाळ आणि अर्धं हे व्यापारी. घरांच्या उतरत्या छपरांत वाऱ्यासाठी लांबट फटी ठेवल्यात, वर पापणीसारखी कौलं. सगळं गाव अर्धवट मिटल्या डोळ्यांनी आपल्याकडे बघतंय असं वाटतं. आम्ही बाकावर बसून एकेका घराचे डोळे मोजले. १८५९ चा ओतीव लोखंडाचा छोटा पूल आहे, त्याला खोट्याचा पूल म्हणतात. त्यावर उभं राहून खोटं बोललं तर तो पडतो अशी समजूत.

मला जर्मन येतं, त्यामुळे एका दुकानातल्या म्हाताऱ्या सॅक्सन बाईंशी बोलता आलं. त्यांचे दोन्ही भाऊ आणि सगळ्या मैत्रिणी जर्मनीत गेल्या. चाउशेस्कू माणशी पैसे घेऊन या लोकांना पश्चिम जर्मनीला जाऊ द्यायचा, आणि १९८९ ला तो पडल्यावर उरलेलेही बहुतेक गेले. आठशे वर्षांची वस्ती एका पिढीत रिकामी झाली. "कबरींना पाणी घालायला कुणीतरी हवं," एवढंच त्या म्हणाल्या. थडग्यांवरची फुलझाडं त्याच जगवतात.

सहाव्या दिवशी मेदियाशमार्गे सिगिशोआराकडे निघालो. मेदियाश सोडलं की ब्रातेयू लागतं. रस्त्याच्या कडेला ओळीने तांब्याची भांडी टांगलेली, उन्हात नजर ठरेना. बायकोने खांद्यावर थाप मारली, थांब. ही काल्देराश रोमा लोकांची वस्ती, पिढीजात तांबट. रोमा म्हणजे ज्यांना बाहेरचे लोक जिप्सी म्हणतात ते. दारू गाळण्याचे मोठे हंडे, मुरंब्याच्या कढया, कॉफीचे इब्रिक. एक पन्नाशीचा माणूस, मोठी काळी हॅट, जमिनीवर मांडी घालून कढई ठोकत होता. त्याचा मुलगा ऑस्ट्रियात काम करून आलेला, त्याच्या जर्मनमधून बोलणं सुरू झालं. आम्ही भारतातले म्हटल्यावर बापाने हातोडी खाली ठेवली. नाकाला बोट लावलं आणि म्हणाला, "नाख." मी म्हटलं, नाक. कानाला लावलं: "कान." आम्ही म्हटलं, कान! पाण्याची बाटली उचलली: "पानी." मग त्याने बोटं मोजायला सुरुवात केली: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. पाचाला आम्ही तिघंही एकदम बोललो. सात-आठ-नऊ ग्रीकमधून आलेले, एफ्ता, ओख्तो, एन्या, कारण वाटेत त्यांचे पूर्वज शेकडो वर्षं ग्रीक भाषिक मुलखात राहिले. आणि मग पुन्हा आपलं: "देश," दहा.

साधारण हजार वर्षांपूर्वी हे लोक आपल्याकडून, भारतातून, निघाले, हे भाषेवरूनच ओळखलं गेलं आहे. वलाकिया आणि मोल्डाविया या संस्थानांत त्यांना शतकानुशतकं गुलाम करून ठेवलं होतं, त्यांची खरेदी-विक्री होत असे. १८५५-५६ मध्ये ते संपलं. आजही त्यांच्याबद्दल रोमानियात आणि बाहेर फार वाईट बोललं जातं. मलाही निघण्यापूर्वी तीन जणांनी सावध राहा म्हणून सांगितलं होतं. मला त्या अंगणात मिळालं ते एवढंच: बसायला घोंगडी, कॉफी, आणि पाच म्हणताना एकदम उजळलेला त्या माणसाचा चेहरा. छोटा इब्रिक घेतला. आतून कल्हई, बाहेरून ठोक्यांचे खळगे.

सिगिशोआराला दोन रात्री. वर डोंगरावर कोट, आत अजून माणसं राहतात, चुलीचा धूर निघतो. १९९९ पासून जागतिक वारसा. चौदांपैकी नऊ बुरुज उरलेत आणि त्यातला बहुतेक बुरुज एकेका पेशाच्या संघाचा होता: शिंप्यांचा, चांभारांचा, दोरखंडवाल्यांचा, कातडं कमावणाऱ्यांचा, लोहारांचा. ज्याने बांधला त्यानेच वेढ्यात लढवायचा. १६४२ साली शाळेच्या पोरांना बर्फातून वर जाता यावं म्हणून लाकडी छताचा जिना केला, पावणेदोनशेच्या आसपास पायऱ्या. रात्री दहाला आम्ही तो चढलो. आत अंधार, फळ्यांच्या फटींतून चांदणं, पायाखाली शेकडो वर्षं झिजलेलं लाकूड.

किनारा

ब्रातेयूचा भाग नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही पुण्याहून जाणार आहोत, सप्टेंबर, हातात आठ दिवस, बुखारेस्टला गाडी भाड्याने. व्हिसा शेंगेनचाच चालेल ना? आणि वाट कशी आखू?

बुखारेस्टकर

@किनारा, हो, शेंगेनचाच. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून निघण्यापूर्वीच काढा आणि त्यावर दुचाकीचा शिक्का आहे ना ते बघा. अनामत रक्कम मोठी असते, ती क्रेडिट कार्डावर अडकते. चलन लेऊ, साधारण पाच लेऊ म्हणजे एक युरो. आठ दिवसांत एकच घाट: बुखारेस्ट, कुर्तेया दे आर्जेश, ट्रान्सफागाराशान, सिबिउ, सिगिशोआरा, ब्राशोव, परत. पावसाचे कपडे आणि आतून गरम थर घ्या. खाली ३० अंश असताना बुलेआला हात बधिर होतात.

दगडवाट

हीच वाट मी सांगितली असती. त्यात बियर्तान घाला, सिगिशोआराच्या वाटेवरच आहे. तिथल्या तटबंदीच्या चर्चमध्ये खजिन्याच्या खोलीचं दार आहे, एकाच किल्लीने सगळीकडचे डझनभर अडसर सरकतात. १९०० साली ते कुलूप पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नेलं होतं. ब्राशोवला काळं चर्च चुकवू नका. १६८९ च्या आगीत काळवंडलं म्हणून ते नाव. आत भिंतींवर शंभरावर तुर्की गालिचे टांगलेत, घाट ओलांडून सुखरूप परतलेल्या व्यापाऱ्यांनी आणि त्यांच्या संघांनी दिलेले. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा चर्चमध्ये गालिचे कसे हेच कळेना. दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि एकेक नीट बघितला.

तांबटकन्या

पहिल्यांदाच लिहितेय, एरवी नुसती वाचते. माझं माहेर पुण्यातल्या तांबट आळीतलं. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, हात थरथरतो म्हणून काम सोडलं. त्यांना ब्रातेयूचा भाग वाचून दाखवला तर त्यांनी तीन प्रश्न विचारले. ठोके भांड्याच्या मधून बाहेर जातात की काठावरून आत? हातोडीचं तोंड सपाट होतं की किंचित फुगीर? आणि भांडं कशावर धरलं होतं, लोखंडी खरवईवर की लाकडावर? इब्रिकचा जवळून फोटो टाकता येईल का? आमच्याकडे या ठोक्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात.

दगडवाट

ताई, फोटो टाकलाय, बुडाचा आणि बाजूचा. ठोके बुडाच्या मध्यापासून गोल गोल बाहेर येतात, हे आता इब्रिक हातात घेऊन बघितलं. हातोडीचं तोंड लक्षात नाही, बघायला हवं होतं. भांडं जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्याच्या टोकावर धरलं होतं, दांडा त्याच्या मांड्यांच्या मधून वर आलेला.

तांबटकन्या

बाबांनी फोटो मोठा करून भिंग लावून बघितला. म्हणाले, तोंड फुगीरच असणार, नाहीतर खळग्यांच्या कडा धारदार आल्या असत्या. मग म्हणाले, याचे ठोके बुडाशी जवळजवळ आहेत आणि वर विरळ होत गेलेत, म्हणजे माणूस घाईत नव्हता. आता ते कपाटावरची जुनी हातोडी काढून पुसत बसलेत. विचारतायत, तो माणूस दिवसाला किती भांडी करतो?

दगडवाट

विचारलं नाही मी. पुढच्या जुलैत उत्तरेकडून घाट चढायचाच आहे, तेव्हा ब्रातेयूला थांबून विचारतो. बाबांच्या हातोडीचा एक फोटो पाठवा, त्याला दाखवायला.